संसाराचे कर्ज आणि अडीनडीचा खर्च

(दोंडाईचा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या वर्गाच्या विषयपत्रिकेवर शेतमालाचा भाव आहे, सहकार आहे, पाटबंधारे आहेत. त्यांच्या रांगेत ‘संसाराचे कर्ज’ हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. कर्ज म्हटले की आपल्यापुढे शेतकऱ्याचे पीककर्ज उभे राहते. मोर्चे त्याचेच निघतात आणि घोषणाही त्याच्याच होतात. परंतु ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याला सोसायटी दारात उभे करत नाही, त्याच्याही घरात कर्ज आहे. मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्या, देठ खुडणाऱ्या बाया, मार्केटातले हमाल, हातगाडीवाले, रोजाने शेतावर जाणारे मजूर यांच्या कर्जाला सरकारदरबारी नावच नाही. २०१७ साली महाराष्ट्रात कर्जमाफी झाली, २०१९ च्या अखेरीस पुन्हा कर्जमुक्ती जाहीर झाली. दोन्ही योजना शेतीकर्जाच्या होत्या. ज्या बाईने नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे उचलले होते, तिच्या घरावरून ती दोन्ही आभाळे न बरसता पुढे गेली.

हे कर्ज कसे होते, याबद्दल सुशिक्षित मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते. गरीब माणूस लग्नात उधळतो, सणावारी ऐपतीबाहेर खर्च करतो, दारू पितो, आणि मग रडतो. यात अजिबात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. शहाद्याकडच्या आदिवासी स्त्रियांनी १९७० नंतरच्या वर्षांत दारूची मडकी फोडली ती काही हौसेने नव्हे. पण हे सगळ्या कर्जाचे मूळ आहे का? या प्रश्नाचे उत्तर आजचे नाही, जवळजवळ दीडशे वर्षांचे आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जखतांची होळी केली. दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने आयोग नेमला. तो आयोग गोऱ्या साहेबांचा होता, रयतेचा कैवार घेण्यासाठी नेमलेला नव्हता. तरीही त्याने नोंदवून ठेवले आहे की लग्नाच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको इतके महत्त्व दिले गेले. लग्न क्वचित येते. धान्य, बी-बियाणे, बैल, सरकारी सारा अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान गरजांनीच रयतेचे कर्ज फुगते. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य करणारा कायदा या चौकशीतून आला. कायदा आला, पण तो निष्कर्ष मात्र विसरला गेला, आणि ‘उधळ्या कुणबी’ तेवढा व्याख्यानांतून जिवंत राहिला.

त्या निष्कर्षाला आजची भर घालायची तर बैलाच्या जागी आजारपण घालावे लागेल. माझे म्हणणे असे की माणूस पहिल्या कर्जाने बुडत नाही. पहिले कर्ज तो फेडीत असतो, बहुतेक वेळा प्रामाणिकपणे आणि पोटाला चिमटा घेऊन फेडीत असतो. तो बुडतो ते फेड चालू असताना मध्येच न सांगता आलेल्या खर्चाने. हाती काहीच शिल्लक नसते, म्हणून तो दुसरे कर्ज काढतो, आणि ते पहिल्यापेक्षा महाग असते.

तापीपलीकडे फार दूर जायला नको. शहादा तालुक्यात १९७२ साली जे आंदोलन उभे राहिले, ज्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे तरुण कार्यकर्ते होते, त्यात प्रश्न भिल्लांच्या गेलेल्या जमिनींचा होता आणि सालदारांच्या मजुरीचाही. त्या जमिनी गेल्या कशा आणि माणूस सालदार झाला कसा, याचा माग काढला तर अनेकदा एखाद्या अडचणीच्या वेळी घेतलेली उचल सापडते. उचल फिटेना म्हणून साल बांधले, साल फिटेना म्हणून पुढचे साल बांधले. आज सालदारकी पूर्वीच्या रूपात राहिलेली नाही. पण ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, तेव्हा ते येणाऱ्या हंगामाचे श्रम आजच्या अडचणीला विकतच असते.

सरकारने या बाबतीत काही केलेच नाही असे नाही. आणीबाणीच्या काळात महाराष्ट्राने १९७५ चा कर्जमुक्ती कायदा केला आणि लहान शेतकरी, शेतमजूर, ग्रामीण कारागीर व कामगार यांची सावकारी देणी रद्द केली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने कायदा टिकला. आणीबाणीचा हिशेब वेगळा आहे, तो आपण विसरलेलो नाही, पण हा कायदा चांगला होता. त्याची उणीव वेगळीच होती. जुने कर्ज रद्द झाले, पण पुढच्या महिन्यात पोर तापाने फणफणले तर पैसे कोठून आणायचे, हे कोणी सांगितले नाही. सावकाराने हात आखडता घेतला, आणि जो देत होता तो चोरून व चढ्या दराने देऊ लागला तर त्यात आश्चर्य कसले? हे सरकारलाही उमगले होते. १९७६ साली शिवरामन समितीने उपभोगासाठी, म्हणजे आजारपण, बाळंतपण, लग्न, मर्तिक यांसाठी, लहान रकमांची कर्जे संस्थांनी द्यावीत अशी शिफारस केली. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना १९७८ ची. खावटी म्हणजे खाण्यापुरते कर्ज. शब्द किती स्वच्छ आहे पाहा! २०२० साली या खावटीचे अनुदान झाले, कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. पण गावातल्या बिगर-आदिवासी मजुराला खावटीही नाही. बँकांच्या भाषेत कर्ज ‘उत्पादक’ असते किंवा ‘अनुत्पादक’ असते. आईचे डोळ्याचे ऑपरेशन दुसऱ्या वर्गात मोडते.

ही पोकळी आता सूक्ष्म वित्तसंस्थांनी भरली आहे. बायांचे गट करायचे, सगळ्यांनी एकमेकींना जामीन राहायचे, आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता. गावातला सावकार यामुळे गेला असे समजू नका. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या कर्जापैकी सुमारे ३४ टक्के रक्कम अजून सावकार, नातलग, व्यापारी अशा बिगर-संस्थांची होती. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला होता, त्या मानाने पल्ला मोठा गाठला हे खरे. पण घराघरांत जाऊन पाहिले तर दोन्ही एकत्र नांदताना दिसतात. गटाचा हप्ता भरायला सावकार आणि सावकाराचे व्याज द्यायला नवा गट!

आता थोडे आकडे. कंटाळू नका, कार्यकर्त्याला हे गणित तोंडपाठ हवे. एक काल्पनिक घर घेऊ. नवरा हमाली करतो, बायको मिरचीवर जाते. दोघांचे मिळून महिन्याला १५,००० रुपये. किराणा, भाडे, वीज, शाळा यांत ११,००० जातात, ४,००० उरतात. गटाचे ४०,००० रुपयांचे कर्ज आहे, वर्षाला २४ टक्के व्याजाने, दोन वर्षांच्या मुदतीचे. त्याचा महिन्याचा हप्ता २,११५ च्या आसपास. शिवाय सावकाराचे २०,००० आहेत, महिना शेकडा पाच, म्हणजे नुसते व्याजच १,०००. शेवटी हातात ८८५ रुपये राहतात.

या ८८५ रुपयांचे काय करावे? शाळेतले गणित सांगते, सावकाराच्या मुद्दलात भरा, कारण वर्षाला ६० टक्के वाचवणारी दुसरी जागा जगात नाही. पाच महिने तसे केले, व्याज घटले तेही मुद्दलातच भरले, तर मुद्दल १५,११० वर येते. सहाव्या महिन्यात मुलाला विषमज्वर झाला. औषधे, तपासण्या आणि बुडालेली मजुरी मिळून ८,००० लागले. घरात दमडी नाही. सावकार जुन्याच दराने देणार असेल तर डब्यात पैसे साठवणे तोट्याचेच, हेही मान्य केले पाहिजे. पण रात्री दारात आलेल्या माणसाला तो जुना दर लावत नाही. तो शेकडा दहा सांगतो. मग आठ हजारांचे महिना ८०० आणि जुन्याचे ७५५, मिळून १,५५५ रुपये नुसते व्याज! उलट तेच ८८५ रुपये पाच महिने बाजूला ठेवले असते तर हाती ४,४२५ असते आणि नवे कर्ज ३,५७५ चेच काढावे लागले असते. त्याचे व्याज ३५७, जुन्याचे १,०००, एकूण १,३५७. देण्याचा आकडा पावणेपाचशेने मोठा दिसतो खरा, पण दर महिन्याचा बोजा दोनशेने हलका होतो, आणि गटाचा हप्ता चुकण्याची पाळी दूर राहते.

म्हणून क्रम असा लावावा. आधी एका आजारपणापुरती, चार-पाच हजारांची गंगाजळी, आणि ती बाईच्या नावाने पोस्टात किंवा बचत गटात. घरातल्या डब्यातला पैसा सगळ्यांना दिसतो. त्यानंतर शिल्लक राहील तो प्रत्येक रुपया सर्वांत महाग कर्जाच्या मुद्दलात. हंगामाचे चार पैसे जास्त आले तर तेही तिकडेच. घरात सोन्याचा मणी असेल आणि तो सावकाराकडे गहाण पडला असेल, तर तो सोडवून बँकेत ठेवता येतो का पाहावे. बँक वर्षभरात जेवढे व्याज घेते तेवढे शेकडा पाचचा सावकार दोन-अडीच महिन्यांत घेतो. बचत गटात महिना शेकडा दोन लागले तरी ते व्याज गटातच राहते, हा फरक बायांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

पण मित्रहो, ही झाली घराची शहाणपणाची बाजू. चार हजार शिल्लक राहणाऱ्या घरालाच ती लागू पडते. ज्याच्याकडे शिल्लकच नाही त्याला काटकसरीचा उपदेश करणे हा क्रूरपणा आहे. त्याच्यासाठी प्रश्न मजुरीचा आणि दवाखान्याचा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि तिची मर्यादा ५ लाखांची आहे. मोठी शस्त्रक्रिया असेल तर तिचा उपयोग करून घेतलाच पाहिजे. मात्र वरच्या उदाहरणातले आठ हजार पाहा. बाहेरून आणलेली औषधे, खासगी तपासण्या, धुळ्याच्या चकरांचे भाडे, नवऱ्याचा बुडालेला रोज. यांतले काय त्या योजनेत बसते? देशातील आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आल्याचे सरकारी हिशेब सांगतात. आला असेल. तरीही शंभरातले ३९ रुपये आजारी माणूसच भरतो आहे. गावातल्या सरकारी दवाखान्यात औषध मिळाले की नाही, ही चौकशी म्हणजे आरोग्याच्या कामाइतकेच कर्जमुक्तीचे काम आहे.

काही गोष्टी कायद्याच्याही आहेत. महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा २०१४ चा. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्यात गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकारीच्या व्यवहारात गेलेली स्थावर मालमत्ता पंधरा वर्षांच्या आतली असेल तर चौकशीअंती परत मिळू शकते. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे सांगायला खरे तर कायदा लागू नये.

सूक्ष्म वित्तसंस्थांबाबत रिझर्व्ह बँकेचा १४ मार्च २०२२ चा निर्देश आहे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले हे कर्ज विनातारण असले पाहिजे. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. घराच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. हे वाचून आनंद मानू नका. वरच्या घराला या नियमाने महिना साडेसात हजारांपर्यंत हप्ते लावता येतात, आणि त्या घराचे पोट अकरा हजारांत भरते. पंधरातून साडेसात गेले तर अकरा कोठून आणायचे? पन्नास टक्क्यांची ही रेघ ज्यांनी आखली त्यांनी एकदा पथारीवरच्या बाईच्या किराण्याची यादी पाहायला हवी होती. ही मर्यादा खाली आणण्याची मागणी आपण केली पाहिजे, आणि ती हिशेबाच्या आधारे केली पाहिजे.

त्यासाठी आजच्या वर्गातून जाताना प्रत्येकाने एक वही घ्यावी. आपल्या वस्तीतील पाच घरांत बसून, घरातल्या बाईला विचारून लिहावे: कोणाचे किती, दर कोणता, हप्ता कोणत्या दिवशी, आणि शेवटचे कर्ज कोणत्या कारणासाठी काढले. नावे बाहेर जाणार नाहीत, हा शब्द आधी द्यावा आणि पाळावा. वसुलीचा माणूस किती वाजता आला तेही लिहावे. या कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी यायचे, असा नियम आहे. तेव्हा वहीत तारखेपुढे घड्याळातली वेळही असू द्या.