खडकावरचे चाक



या व्यासपीठावर यापूर्वी मी दोनदा आलो, तेव्हा किमान वेतनावर आणि ग्रॅच्युइटीवर बोललो. यंदा चिटणीसांनी विषय विचारला आणि मी “खडकावर चढणाऱ्या छोट्या मोटारीचे टायर व चाके” असे सांगितले, तेव्हा फोनवर बराच वेळ कोणी बोलेना. मी थट्टा करीत नव्हतो. माझ्या सल्ल्याने एका मुलाचे पैसे पाण्यात गेले. ते का गेले हे समजून घेताना जे थोडेफार शिकलो, ते आपल्यापुढे मांडतो.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे. इंग्रजीत तिला रॉक क्रॉलर म्हणतात. खऱ्या जीपच्या सुमारे एक-दशांश आकाराची, बिनतारी संदेशाने चालणारी, अडीच-तीन किलो वजनाची ही गाडी. वेगाशी तिला कर्तव्य नाही. शेजारून माणूस रमतगमत चालत जाईल एवढीच तिची चाल. चारही चाकांना जोर असतो आणि दगडधोंड्यांवरून न उलटता वर जाणे हाच खेळ. अमेरिकेत, जिथे युटातील मोआबसारख्या ठिकाणी खऱ्या जीपगाड्या खडकांवर चढवतात, तिथे हा छंद फोफावला. आपल्याकडेही हौशी मुले सुटे भाग मागवून अशा गाड्या जोडतात.

माझा भाचा त्यांतलाच. कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. त्याने विचारले, “मामा, टायर कोणते घेऊ?” आता मी अकरा वर्षे एका टायर कारखान्याच्या क्युअरिंग खात्यात घालवलेली, संपानंतर बाहेर पडलो ते युनियनच्या कामालाच लागलो. रबराबद्दल मला विचारले की मी छाती काढून बोलतो. म्हटले, “कडक घे. मऊ रबर चार दिवसांत झिजते.” त्याने दोन महिन्यांचे विद्यावेतन घातले, कडक रबराचे, खोल खाचांचे टायर आणले आणि प्लॅस्टिकच्या चाकांवर डिंकाने पक्के चिकटवले. रविवारी गावाबाहेरच्या बंद खाणीत गाडी नेली. शेळीचे पिल्लू सहज चढेल अशा उतारावर चाके जागच्या जागी गरगर फिरत राहिली. पोरगा मला एका शब्दाने बोलला नाही. निमूटपणे गाडी पिशवीत घातली.

चूक कुठे झाली? शाळेच्या पुस्तकात घर्षणाचे नियम असतात. 1699 साली आमाँताँने आणि 1785 साली कुलोंबने ते मांडले. घर्षण भारावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. लाकूड, लोखंड यांना हे बरेचसे लागू पडते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव दगडावर नुसती टेकते. रबर तसे नाही. ते दाबाखाली खडकाच्या बारीक खळग्यांत शिरते आणि तिथे धरून ठेवते. शिरलेच नाही, तर धरणार कशाने?

आता हिशेब पाहा. खरी जीप दोन हजार किलोंची धरा. तिची लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहापट कमी केली की वजन हजारपट कमी होते, म्हणजे दोन किलो. पण टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ शंभरपटच कमी होते. म्हणजे रबरावरचा दाब दहावा हिस्सा उरला. आणि खडक? तो काही आपल्यासाठी लहान होत नाही. त्याचा खरखरीतपणा आहे तेवढाच राहतो. दहाव्या हिश्श्याच्या दाबाने त्याच खळग्यांत शिरायचे, तर रबर फारच मऊ हवे. माझी अकरा वर्षांची विद्या मोठ्या टायरची होती. मी तीच लहान चाकावर लादली.

मऊ टायर झिजतात, हे खरेच. उन्हात पडले तर लवकर कडकही होतात. पण चढायचे असेल तर तो खर्च धरूनच चालावे.

दुसरी गोष्ट आतली. या टायरांत दाबलेली हवा नसते. फोमची कडी असते, आणि दबलेली हवा बाहेर पडावी म्हणून चाकाला किंवा टायरला भोक असते. चांगला फोम दोन थरांचा: आत घट्ट, बाहेर मऊ. बाहेरचा थर दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो. आतला गाडीला आडव्या उतारावर लोळू देत नाही. एका चाकावर साधारण सहा-सातशे ग्रॅम भार येतो, त्या मानाने फोम निवडावा. वजनदार टायर घेऊन आत दगडासारखा फोम भरला तर मऊ रबराचे पैसे वाया. पावसाळ्यात मात्र बाहेरचा स्पंजासारखा थर पाणी पितो. म्हणून पाण्यात खेळणारे टायरच्या खाचांमध्ये भोके पाडतात, म्हणजे फिरताना पाणी फेकले जाते.

चाकाचा आकडा वाचताना फसू नका. 1.9 इंच हे माप टायर बसतो त्या चाकाचे, बाहेरचे नव्हे. त्याच चाकावर 4.19 इंची टायर बसतो आणि 4.75 इंचीही. मोठा घेतला की आसाखाली सात मिलिमीटर जागा वाढते. एवढ्याने अडलेला दगड सुटतो. पण त्याच मोटारीचा जमिनीवरचा जोर सुमारे बारा टक्के घटतो, गाडी उंच होऊन उलटायला सोपी होते, आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. मुलांना मोठे चाक दिसायला आवडते, एवढ्यासाठी ते घेऊ नये.

चिकटवलेल्या टायरांचे काय? ते उकळत्या पाण्यात ठेवून, हात भाजून घेत आम्ही सोडवले. चाके प्लॅस्टिकची, म्हणून अ‍ॅसिटोनचे नाव काढले नाही. आता बीडलॉक चाके आहेत: टायरची कड दोन कड्यांमध्ये धरून बारीक स्क्रूंनी आवळायची, डिंक नाही. फोम बदलायचा तर पाच मिनिटांचे काम. आमच्या युनियनचे एक जुने टर्नर आहेत; त्यांचा कारखाना बंद पडला, पण घरच्या पडवीत लेथ आहे. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या बारमधून चारही चाके काढून दिली. मधले षट्कोनी घर बारा मिलिमीटरचे. ते त्यांनी एकदा ढिले काढले, स्वतःच बाजूला टाकले आणि पुन्हा केले. मजुरी घ्यायला तयार नव्हते. मी घ्यायला लावली, नाहीतर माझ्या पोटापाण्याच्या कामाला अर्थ काय?

चढावर भार मागे जातो आणि पुढची चाके हलकी पडतात. म्हणून त्यांनी पुढच्या दोन चाकांत पितळेच्या कड्या बसवल्या. हे वजन आसाच्या पातळीला, खालीच राहते. तेच छतावर ठेवले तर गाडी पालथी. पण हौसेने वाढवत गेलात तर दातेरी चाके तुटतील. चाक बाहेर काढून बसवले तर गाडी आडव्या उतारावर स्थिर होते, मात्र वळवणाऱ्या छोट्या मोटारीवर ताण येतो. आम्ही थोडेच काढले.

मऊ टायर घ्यायला भाच्याला पुन्हा तीन महिने थांबावे लागले. निम्मे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता. गेल्या महिन्यात तीच गाडी त्याच उतारावर चढली, वरून थोडी पुढेही गेली आणि तिथे शेवाळ लागल्यावर घसरून खाली आली. शेवाळावर अजून आमच्याकडे उपाय नाही.

गाडी बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. शेजारी तो पहिला कडक टायरही आहे. जाताना दोन्ही अंगठ्याने दाबून पाहा. स्क्रू मात्र कोणी फिरवू नका, ते आज सकाळीच आवळले आहेत.