मुली परदेशी नेताना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



शाळेच्या दहावीतल्या मुलींबरोबर मी नेपाळात लुंबिनीला जाऊन आले. त्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी मला आज्ञा झाली आहे.

परदेश म्हटला की आयांच्या पोटात गोळा येतो. “मुलगा असता तर धाडला असता,” असे दोन-तीन घरी ऐकले. मी एवढेच म्हटले, “२०१८ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगीच ना?” मग मुली निघाल्या.

नेपाळला पासपोर्टवाचून जाता येते. पण पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलीपाशी मुख्याध्यापकांचे ठराविक नमुन्यातले ओळखपत्र हवे. आधारकार्डावर विसंबू नये. गोरखपूरपर्यंत आगगाडी, पुढे मोटारीने सोनौलीची सीमा. पलीकडे घड्याळ पाव तास पुढे!

१९५६ साली बाबासाहेबांनी चंद्रपुरात ज्या बुद्धाच्या धम्माची दीक्षा दिली, त्याचे जन्मस्थान नि अशोकाचा स्तंभ मुलींनी डोळे भरून पाहिला.

भगिनींनो, सोबतिणीचे काम पहारेकऱ्याचे नव्हे. गाडीत चढता-उतरता मुली मोजाव्यात, औषधे जवळ ठेवावीत. आणि कुणाला महिन्याची अडचण आली, कुणाला घर आठवले, हे तिने सांगण्याआधी ओळखावे. बरोबर बाईमाणूस आहे म्हटल्यावर वडीलही होकार देतात. आपण मागे राहिलो, तर मुलींचे जाणे राहते.

म्हणून पुढच्या सहलीस मंडळाने आपल्यातल्या दोघीजणी द्याव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.