फुगडीला गुण कोण देणार?

(युवती शिबिरात केलेले भाषण)



‘क्रीडा’ कशाला म्हणायचं, हा प्रश्न वादविवाद स्पर्धेतला वाटेल. पण ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, तेव्हा त्यासोबत गोविंदांना नोकऱ्यांतल्या क्रीडा कोट्याचा लाभही जाहीर झाला. म्हणजे या एका शब्दामागे पोटापाण्याचा प्रश्न आहे. मग फुगडी का नाही?

फुगडी नीट बघा. हात तिढा घालून घट्ट धरलेले, पावलं जुळवलेली, अंग मागे झोकलेलं. दोघी एकमेकींचं वजन तोलतात. एकीने अंग चोरलं की दोघी पडतात. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या. करून बघा, लगेच मांड्या भरून येतात! घामाचाच निकष असेल तर बुद्धिबळाचं काय? त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये मान्यता दिली. गाणं आहे म्हणून फुगडी बाद म्हणावं, तर संगीतावर रिबन आणि चेंडू खेळवणारी तालबद्ध जिम्नॅस्टिक्स १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

उरतात नियम. ते काही आभाळातून पडत नाहीत. हुतूतू गावोगाव वेगळा होता. माणसांनी बसून मैदानाची मापं, वेळ, गुण ठरवले, तेव्हा त्याची कबड्डी झाली. तीही आशियाई स्पर्धांत पुरुषांसाठी १९९० ला आली, बायकांसाठी २०१० ला. मधली वीस वर्षं मुली काय झोपल्या होत्या? १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, तर त्या दमून कोसळल्याचा गवगवा झाला आणि ही शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. दमलेला पुरुष जिद्दीचा, दमलेली बाई नाजूक.

आपले खेळ मात्र व्रताच्या पदराखाली राहिले. मंगळागौरीला नव्या सुनेला रात्रभर उड्या मारायची मुभा, पण विधवेला तिथेही जागा नव्हती. त्यामुळे त्या रात्रीचे गोडवे मी गाणार नाही. आता मंगळागौरीच्या स्पर्धा होतात, त्यांत उडीपेक्षा नऊवारी-नथीचंच कौतुक जास्त.

फुगडीचा महासंघ काढा, असंही मी म्हणत नाही. आज साठीची आजी नातीचे हात धरून दोन फेरे घेते. गुणपत्रिका आली की पहिली तीच बाद होईल. माझा रोख वेगळाच आहे. वस्तीत मुलीला पाळी आली की तिचं मैदान सुटतं. आई म्हणते, “नागपंचमीला खेळतेस ना फुगडी? मग रोज कशाला?” मुलाचा खेळ रोजचा, मुलीचा सणापुरता.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना आपापल्या भागातलं मैदान संध्याकाळी पाच ते सात बघून या. तिथे मुली किती, त्या खेळतात की कडेला उभ्या असतात, आणि जवळ मुलींसाठी संडास आहे का, एवढं लिहून आणा. तो कागद घेऊन आपण नगरसेवकाकडे जाऊ.