गाव हलवताना



धरणाच्या पाण्याखाली ज्यांचे गाव जाणार आहे, त्यांच्यासाठी आम्ही आज चार शब्द सांगणार आहोत.

घर सोडणे सोपे नाही. ज्या उंबऱ्यावरून लेकी सासरी गेल्या, सुना घरात आल्या, तो उंबरा मागे ठेवायचा. हे काळजाला लागते. आमच्या बोलण्याने ते दुःख कमी होणार नाही. पण दुःखात घाई होते. घाईत वस्तू हरवते, कागद हरवतो. मग एका दुःखाची दोन होतात. ते दुसरे दुःख टाळणे आपल्या हाती आहे.

कोयनेचेच पाहा. कोयना धरण १९६४ साली पुरे झाले. शिवसागर तलावाखाली पुष्कळ गावे गेली. माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदा नव्हता. महाराष्ट्रात तो प्रथम १९७६ साली झाला. धरणाला पन्नास वर्षे उलटून गेली, तरी कित्येक कुटुंबांना जमिनीसाठी मोर्चे काढावे लागले. आजोबांची जमीन कुठे होती, किती होती, याचे पुरावे नातवांना शोधत फिरावे लागले. यात त्या माणसांचा काय दोष? बहुतेकांना तेव्हा वाचता येत नव्हते. आज आपल्याला येते. मग त्या अक्षराचा उपयोग करून घ्यायला नको का?

बिऱ्हाड हलवताना सामानाचे तीन ढीग करा. पहिला कागदांचा. दुसरा पोटाचा. तिसरा बाकी सगळ्याचा. क्रमही हाच ठेवा.

पहिला ढीग : कागद

एक पत्र्याची पेटी घ्या. तीत हे कागद ठेवा : सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे. घराचा ग्रामपंचायतीचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या. भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची नक्कल, मोबदल्याचे कागद. रेशनकार्ड, आधारकार्ड, मतदानाचे कार्ड. बँकेचे पासबुक. जन्माचे आणि मृत्यूचे दाखले. बाळाचे लसीचे कार्ड. आजारी माणसाची औषधाची चिठ्ठी.

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच पेटीत ठेवा. प्रत्येकाची एक झेरॉक्स काढून ती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या. ही पेटी ट्रकमध्ये टाकायची नाही. घरातल्या एका जाणत्या माणसाने ती मांडीवर घेऊन जायची.

आणखी एक काम गाव सोडण्यापूर्वीच करा. घराचे खण किती, विहीर आहे का, आंबे किती, साग किती, हे वहीत लिहून काढा. मोबदला नुसत्या जमिनीचा नसतो. घराचा, विहिरीचा, झाडांचाही असतो. मोजणीदाराने लिहिलेला आकडा आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. वाचल्याशिवाय सही करू नका, अंगठा तर मुळीच देऊ नका.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला जिल्हा पुनर्वसन कचेरीतून मिळतो. गट क आणि गट ड च्या सरकारी नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांसाठी शंभरात पाच जागा राखीव असतात. तेव्हा तो दाखला जपा.

दुसरा ढीग : पोट

नव्या जागी पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी काय लागते? पाणी, पीठ, मीठ-मिरची, तेल, तवा, पातेले, काड्यापेटी, बॅटरी, अंथरूण. एवढेच एका गोणीत भरा. ही गोणी सर्वांत शेवटी चढवा. म्हणजे ती सर्वांत आधी उतरेल. नाहीतर लेकरे भुकेने रडतात आणि तवा सापडतो सगळ्यांच्या तळाशी!

बियाणे खाण्याच्या धान्यात मिसळू देऊ नका. वेगळी पिशवी करा. वर लिहा : "ज्वारी, बियाणे." घाईत कोणी ते दळायला नेले, तर पुढचा पेरा कशाने करणार?

तिसरा ढीग : बाकी सगळे

प्रत्येक बोचक्यावर आणि पोत्यावर नंबर घाला. वहीत नंबरापुढे लिहा, आत काय आहे. "१ : भांडी. २ : गोधड्या. ३ : विळे, खुरपी, कुऱ्हाड." धारेची अवजारे गोणपाटात गुंडाळा. जात्याच्या दोन्ही तळ्या एकाच खुणेने रंगवा. गाडीत चढवताना एकाने नंबर वाचावा, दुसऱ्याने खूण करावी. उतरवताना पुन्हा तसेच. सासूने वाचावे, सुनेने खूण करावी, म्हणजे दोघींचीही उजळणी होते!

ट्रकभाडे आधी ठरवा. किती खेपा, किती रुपये, ते लिहून घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर हलायची वेळ आणू नका. वाट चिखलाची होते, धान्य भिजते. गुरे नव्या जागी आली की काही दिवस बांधूनच ठेवा. जुन्या गोठ्याची ओढ त्यांनाही असते.

पोचल्यावर

आधी पोरांची शाळा. जुन्या शाळेचा दाखला यायला वेळ लागला, तरी आठवीपर्यंतच्या मुलाला नव्या सरकारी शाळेत प्रवेश द्यावाच लागतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तसे लिहिले आहे. कोणी "दाखला आणा, मग बघू" म्हणाले, तर नम्रपणे हे सांगा.

रेशनकार्ड आधारला जोडलेले असेल, तर दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळते. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी फॉर्म नंबर ८ भरा.

मग सगळ्यांनी मिळून नवे गावठाण फिरून पाहा. शाळा, पिण्याचे पाणी, रस्ते, वीज, स्मशानभूमी. या सोयी म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, तो आपला हक्क आहे. जे नाही, त्याची यादी करा. अर्ज लिहा, सगळ्यांनी सह्या करा. अर्जाच्या नकलेवर कचेरीचा शिक्का आणि तारीख घ्या. ती नक्कल त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवा.

मंडळी, गाव पाण्याखाली जाते, पण गावाची माणसे जात नाहीत. त्यांचा हक्कही जात नाही. मात्र तो मागायला पुरावा लागतो. म्हणून आज घरी गेल्यावर एवढेच करा. वही काढा आणि पहिल्या पानावर लिहा : "आमच्या घरातले कागद." खाली एक, दोन, तीन असे आकडे घाला. जो कागद नाही, त्याच्यापुढे फुली मारा. उद्या सकाळी आधी त्या फुलीच्या कामाला लागा.