आधी चित्र, मग सुई



रेडिओलॉजिस्ट हा अंधाऱ्या खोलीत बसणारा प्राणी. त्याला उजेडात आणून अध्यक्षपदी बसवलंत, याबद्दल ऋणी आहे. साऱ्या शाखेचा आढावा न घेता एकच विषय मांडतो : प्रोस्टेटचा कर्करोग आणि एमआरआय.

पीएसए वाढलं की रुग्ण थेट बायोप्सीच्या टेबलावर, हा काळ आपल्यातल्या अनेकांनी पाहिला आहे. गुदमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ग्रंथी दिसे. गाठ बहुधा दिसत नसे. मग ठरलेल्या जागांतून दहा-बारा तुकडे घ्यायचे. नकाशा हाती होता, पण जायचं ते गाव त्यावर नव्हतं. ग्रंथीच्या पुढच्या भागात दडलेली घातक गाठ निसटे आणि जन्मभर त्रास न देणारी बारीक गाठ नेमकी सुईला लागे.

ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाने २०१७ मध्ये ५७६ पुरुषांत दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा कर्करोग एमआरआयने ९३ टक्के रुग्णांत हेरला, जुन्या बायोप्सीने ४८ टक्के रुग्णांत. पण असा कर्करोग नसलेल्यांपैकी जेमतेम ४१ टक्क्यांनाच एमआरआयने निर्दोष सोडलं. एमआरआय चांगला पहारेकरी आहे, न्यायाधीश नव्हे. पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ चाचणीत एमआरआय आधी केलेल्या गटातल्या २८ टक्के पुरुषांना सुई टोचावीच लागली नाही. तरीही महत्त्वाचा कर्करोग ३८ टक्क्यांत सापडला, जुन्या पद्धतीच्या गटात २६ टक्क्यांत. यंत्र आपल्याकडे आधीपासून होतं. बदलला तो क्रम.

हा क्रम आपण पाळतो का? बायोप्सी करून आठवड्याभरात एमआरआयला पाठवलेले रुग्ण मी आजही पाहतो. सुईने सांडलेलं रक्त चित्रात रोगाचं सोंग घेतं. क्षयाच्या आपल्या देशात आणखी एक सोंग ठाऊक हवं : प्रोस्टेटचा क्षय, किंवा मूत्राशयाच्या कर्करोगावर दिलेल्या बीसीजीनंतरचा दाह, हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. अशा वेळी चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय प्रोस्टेट’ लिहून भागत नाही. पीएसएचा आकडा, आधीची बायोप्सी, बीसीजी, एवढं तरी लिहा. आणि आम्हीही ‘संशयास्पद, कृपया तपासावे’ लिहून हात झटकू नयेत. गाठ कुठे, केवढी, हे सुई धरणाऱ्याला कळायला हवं.

खर्चाचं म्हणाल, तर २०२५ मध्ये ‘प्राइम’ चाचणीने दाखवलं की चित्राचा दर्जा चांगला असेल, तर कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनाविना केलेला एमआरआयही तितकाच उपयोगी ठरतो. लहान शहरांतल्या केंद्रांसाठी हा मोठाच दिलासा.

शेवटी एक प्रसंग. एक निवृत्त गुरुजी रिपोर्ट घेऊन आले. त्यात लिहिलं होतं, ‘पाय-रॅड्स ४’. म्हणाले, “चौथी स्टेज ना? मुलाला पुण्याहून बोलावून घेतलंय.” मी सांगितलं, “गुरुजी, हा आमच्या संशयाचा आकडा आहे, रोगाच्या स्टेजचा नाही. अजून तर रोग आहे की नाही, हेच ठरायचंय.” ते मटकन खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

दोन रात्री त्यांना झोप नव्हती. तेव्हापासून मी रिपोर्टच्या तळाशी मराठीत एक ओळ लिहितो : हा आकडा कर्करोगाची स्टेज सांगत नाही. उद्यापासून तुम्हीही ती लिहा, एवढंच अध्यक्ष म्हणून मागतो.