बोटांचा भाव

दोस्तहो, तुमच्यापैकी पॉवर प्रेस कुणी चालवलाय? पत्रा आत सारायचा, पायडल दाबायचं, डाय खाली. गार्ड असला की हात आत जात नाही, पण माल कमी निघतो. म्हणून भोसरी-चाकणच्या कितीतरी शेडमध्ये गार्ड कोपऱ्यात गंजत पडलेला. अन् प्रेसवर उभा कोण? ठेकेदाराने आणलेला आपलाच पोरगा.

१९२३ च्या भरपाईच्या कायद्याने बोटांना भाव लावला. अंगठा गेला, कमाईची ताकद ३० टक्के घटली. तर्जनी १४, करंगळी ७. एका हाताची चारही गेली तर ५०. उरलेल्या पन्नासावर त्याला प्रेसवर कोण उभं करणार, सांगा ना!

मालक म्हणतो, 'हलगर्जीपणा तुझाच.' आणि शाबूत अंगठा कोऱ्या कागदावर उठवून घेतो. नुसत्या हलगर्जीपणाने भरपाई बुडत नाही, बाबांनो! कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला, तो दारू प्यालेला होता, असलं काही मालकाने सिद्ध करायचं असतं. गार्ड काढायला लावला कुणी, तेही मग निघू दे.

म्हणून पोरगं दवाखान्यात नेलं की पहिल्याच केसपेपरवर लिहून घ्या: कामावर असताना, प्रेसमध्ये. सुपरवायझर शेजारी उभा राहून 'घरी दारात बोट चेमटलं' म्हणून सांगत असतो.