अवर्षण आणि बंड
(मांडवा येथें दुष्काळनिवारणाच्या सभेंत झालेलें भाषण)



मांडव्यासारख्या समुद्रकांठीं, जेथें पर्जन्य उदंड आहे, तेथें घाटावरील दुष्काळाची चिंता आपण कां वाहावी, अशी शंका कोणासही येईल. तिचें उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासांत आहे.

इ. स. १८७६ सालीं दख्खनेंत पावसानें दगा दिला. पुढील वर्षीं प्रशांत महासागराचें पाणी असाधारण तापलें, आणि हिंदुस्थानांत मोसमी पाऊस पुन्हां उणा पडला. रेल्वेनें धान्य येत होतें; परंतु तें विकत घेण्यास कुणब्याच्या गांठीं पैसा नव्हता. अशांत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुरी रोजीं एक रत्तल धान्य व वर थोडे पैसे इतकी उतरविली. हजारों मजूर कामें सोडून गेले.

या जिल्ह्यांतील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके तेव्हां पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत नोकरीस होते. उपाशी प्रजा पाहून त्यांचें मन पेटलें. १८७९ च्या फेब्रुवारींत रामोश्यांना घेऊन त्यांनीं धामारीवर छापा घातला, आणि मे महिन्यांत त्यांच्या लोकांनीं पनवेलजवळील पळस्पें व चिखली लुटली. दुष्काळाचा मुख्य तडाखा घाटावर बसला; त्याची झळ मात्र घाट उतरून कोंकणांतील सावकाराच्या दारीं आली.

पाऊस न पडल्यानेंच बंड होतें, असें मी म्हणत नाहीं. फडक्यांना स्वराज्य हवें होतें. जागतिक हवामान-समितीनेंही २०२२ सालीं असाच निर्वाळा दिला कीं, सशस्त्र संघर्षास हवामानाचा हातभार लागतो. परंतु दारिद्र्य, दुर्बल राज्यकारभार अशीं कारणें त्याहून प्रबळ असतात. म्हणजे पाऊस आपल्या हातीं नसला, तरी पुढचें पुष्कळ आपल्या हातीं आहे. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळांत महाराष्ट्रांत लक्षावधि लोकांना रोजगाराचीं कामें मिळालीं, आणि १८७९ सारखें बंड उद्भवलें नाहीं.

आज तपमान वाढत आहे व पावसाचा नेम सुटत आहे. म्हणून व्यापारी बंधूंनीं धान्य, जमीनदारांनीं वैरण व बियाणें, आणि धनिकांनीं मजुरीपुरता पैसा, कुणब्याचें घर मोडण्यापूर्वींच द्यावा. कर्ज देणें झाल्यास जमीन लिहून घेऊं नये. हें दान तर आहेच. परंतु आपल्या सर्वांच्या शांततेचा तो विमाही आहे. तरी प्रत्येकानें यथाशक्ति साहाय्य करावें, अशी सविनय प्रार्थना आहे.